चार पदरांचा दिवस

पहाटे ५.३०

डिसेंबरच्या पहाटे चौलच्या वाड्यांतून मतलई वारा समुद्राकडे निघालेला असतो. गारवा फार नाही, पण घसा कोरडा पडतो. कोमट पाणी पिऊन, कुणाशी न बोलता मी तंबोरा घेऊन बसते. मिरजेचा आहे, गुरूंकडून आलेला. आज संध्याकाळी आमच्या पडवीत आठ गळे सोळाव्या शतकातल्या युरोपची नाताळगीतं आणि एक मॅड्रिगल गाणार आहेत. त्याची तयारी मी खर्जाच्या तारेपासून करते याचं मुंबईहून येणाऱ्या आमच्या गायकांना सुरुवातीला नवल वाटायचं. आता त्यांतले दोघं आल्या आल्या तंबोरा मागून घेतात.

खर्जाची तार जव्हारीवर नीट लागली की तिच्यातून कुणी न छेडलेला गंधार उमटतो, तो स्वयंभू गंधार. षड्जाशी त्याचं नातं पाचास चार इतकं साधं असतं. हार्मोनियमवरचा किंवा पियानोवरचा गंधार त्याहून चढा असतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर जवळजवळ चौदा भाग चढा. एकट्याच्या गाण्यात हा फरक खपून जातो. चौघांनी मिळून एक स्वरसंघात धरला की खपत नाही. गंधार ज्याच्या वाट्याला आला आहे तो चौदा भाग वर राहिला तर सगळा स्वरसंघात थरथरत राहतो, आणि तो जरासा उतरून जागेवर बसला की कुणीही जोर न लावता आवाज भरून येतो. त्या काळचे ऑर्गनसुद्धा हा शुद्ध गंधार सांभाळूनच जुळवत, मग त्यासाठी पंचम किंचित उतरवावा लागला तरी चालायचं. म्हणजे ज्या गंधारावर मी लहानपणापासून बसत आले तोच त्या गाण्यांनाही हवा असतो. पियानोवर सूर पक्के केलेल्या माणसाला तो नव्याने शोधावा लागतो, एवढाच फरक.

अर्धा तास गंधार, मग निषाद. निषादाचं आज विशेष काम आहे. ते दुपारी.

सकाळी ७.००

चहा झाला की कागद. काल रात्री छापून ठेवलेल्या प्रती आवाजांप्रमाणे वेगळ्या करायच्या: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. आजकाल छापलेल्या स्वरलिपीत चारही आवाज एकाखाली एक असतात आणि प्रत्येकाला सगळ्यांचं दिसतं. सोळाव्या शतकात तसं नव्हतं. प्रत्येक आवाजाचं पुस्तक निराळं, त्यात फक्त त्याचाच पदर, आणि मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघाही नाहीत. दुसरा कुठे आहे हे कागदावर दिसत नाही, ते कानानेच कळून घ्यावं लागतं. मी आमच्या लोकांना पहिल्या दिवशी असेच सुटे कागद देते. पहिले दोन तास गोंधळ होतो, तिसऱ्या तासाला माणसं माना वर करून एकमेकांकडे बघायला लागतात. पूर्ण स्वरलिपी त्यानंतर हातात पडते, आणि तेव्हा तिची फारशी गरज उरलेली नसते.

मॅड्रिगल म्हणजे मुळात घरातलं गाणं. इटलीत ते सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहरलं. आर्काडेल्टचं मरणाऱ्या हंसाचं मॅड्रिगल १५३९ च्या पुस्तकातलं, आणि ते पुस्तक पुढे शंभर वर्षं पुन्हापुन्हा छापलं गेलं. १५८८ मध्ये लंडनला ‘म्युझिका ट्रान्सअल्पिना’ नावाचा संग्रह निघाला, त्यात इटालियन मॅड्रिगलना इंग्रजी शब्द बसवलेले होते, आणि इंग्रजांना वेडच लागलं. टॉमस मॉर्लीने १५९७ च्या आपल्या संगीतशिक्षणाच्या पुस्तकाची सुरुवातच एका जेवणाच्या प्रसंगाने केली आहे. जेवणं उरकतात, यजमानीणबाई गाण्याची पुस्तकं टेबलावर मांडते, एका पाहुण्यापुढे त्याचा पदर ठेवते, आणि तो सांगतो, मला येत नाही. सगळे चकित होतात. याला वाढवलं तरी कुणी अशी कुजबुज सुरू होते. बिचारा दुसऱ्या दिवशी गुरूच्या दारात उभा. मॉर्लीने आपलं पुस्तक खपावं म्हणून हा प्रसंग रंगवला असेलही, पण त्यातलं एक गृहीत मला फार महत्त्वाचं वाटतं: ऐकायला बसलेली माणसं आणि गाणारी माणसं अशी विभागणी त्या टेबलावर नाहीच. आज ही गाणी मंचावर, झगमगत्या जुन्या पोशाखांत, दूर अंधारात बसलेल्या प्रेक्षकांपुढे होतात तेव्हा सूर कितीही नेटके असले तरी नेमकी हीच गोष्ट हरवते. म्हणून आमची जागा पडवी. गाणारे मध्ये गोल बसणार, बाकीचे त्यांच्या भोवती.

सकाळी ८.१५

सतरंज्या झटकल्या. शेजारच्या काकांनी वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला आणून ठेवला; रात्री पोपटी लावायची आहे. त्यांचा नातू, आवाज नुकताच फुटलेला, भजनी मंडळात पखवाज वाजवतो. पायरीवर उभा राहून त्याने कागद चाळले. “ताई, ह्यात बोल कुठं आहेत?” तालाचे बोल नसतातच, हात खाली-वर करून मात्रा धरायची, हे त्याला करून दाखवलं. त्याने दोनदा करून पाहिलं आणि सम कुठे असं विचारलं. चौघांची सम एकाच जागी येईल असं नाही, हे ऐकल्यावर तो बराच वेळ तिथेच थांबला.

सकाळी ९.३०

स्कूटरवरून कोर्लई. चौल मागे पडलं की रेवदंड्याच्या तटाच्या आत रस्ता शिरतो. गाव किल्ल्यातच वसलेलं आहे, नारळी-पोफळीच्या वाड्यांत मधूनच जुनी भिंत, कमान, आणि फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा तो उंच मनोरा, ज्याला इथे सातखणी म्हणतात. पोर्तुगीजांचं हे चौल. १५२१ मध्ये त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला, १५७०-७१ मध्ये निजामशाहीचा वेढा सोसला, आणि १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या हवाली करून ते गेले. मधल्या दोनशे वर्षांत ह्या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन असे मठ होते. मठ होते म्हणजे रोजची उपासना होती, उपासना म्हणजे गाणं. कोणत्या सणाला नेमकं काय गायलं हे ह्या भिंती सांगत नाहीत. पण लॅटिन स्तोत्रांचे सूर ह्या वाड्यांच्या जागी त्यांच्या स्वतःच्या शतकात उठले, यात मला शंका नाही. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा प्रवासी गोव्याला जाताना चौलला आला होता. तो स्वतः संगीत जाणणारा. पुढे म्हातारपणी त्याने आपल्या काळच्या संगीतावर एक निबंध लिहिला. सातखणीपाशी स्कूटर थांबवली की मला तो माणूस आठवतो. रोममधली नवी-जुनी गाणी कानात घेऊन आलेला जाणकार श्रोता इथल्या बंदरावर उतरला होता. इंग्लंडमध्ये तेव्हा मॅड्रिगलची पुस्तकं निघतच होती.

कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळाव, आणि पुढे किनाऱ्याने कोर्लई. समुद्रात घुसलेल्या डोंगरावर किल्ला, त्याच्याजवळ दीपगृह, खाली गाव. कोळीवाडा वेगळा आणि ख्रिस्ती वस्ती वेगळी. त्या वस्तीत जी भाषा बोलतात तिला ती माणसं ‘नो लिंग’ म्हणतात, आमची भाषा. शब्द पुष्कळसे पोर्तुगीज, आणि वाक्याची चाल मराठीच्या अंगाने वळलेली. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. राज्य गेल्यावर पावणेतीनशे-तीनशे वर्षं ही भाषा शाळेशिवाय, छापखान्याशिवाय, नुसती ओट्यावर आणि चुलीपाशी टिकली आहे. चर्चमधली उपासना आता मराठीत होते.

ज्या घरी मी जाते तिथल्या आजी नाताळच्या करंज्या तळत होत्या. सून पारी लाटत होती, शेजारीण सारण भरत होती, मला कातण हातात मिळालं. बोलणं मराठीतून, आपापसांत त्यांच्या भाषेतून. तळता तळता आजींनी एक गाणं धरलं. बाहेरच्या जगाला कोर्लईचं जे गाणं त्यातल्या त्यात माहीत आहे, ‘माल्दिता मारिया मादुलेना’, ते हे नव्हे. १९९८ मध्ये लिस्बनला जागतिक प्रदर्शन भरलं, त्या सुमारास पोर्तुगालमध्ये दमण, दीव, कोचीच्या गाण्यांबरोबर कोर्लईची गाणी ध्वनिमुद्रित होऊन बाहेर पडली, म्हणून त्यांतली काही जगात फिरली. आजींचं हे गाणं घरातलं होतं. दुसऱ्या कडव्याला त्या अडखळल्या, तर शेजारणीने ओळ उचलली. ती थांबली तिथून सुनेने पुढे नेली. तिघींपैकी एकीलाही ते सबंध येत नव्हतं, आणि गाणं मात्र सबंध झालं.

हे गाणं मॅड्रिगल नव्हे आणि कुठल्या ग्रंथातलं कॅरलही नव्हे. त्याला ओढूनताणून रेनेसान्सच्या रांगेत बसवायची मला गरज वाटत नाही. मी ते ध्वनिमुद्रित केलं नाही आणि आमच्या कार्यक्रमातही घेणार नाही. चार आवाजांत बांधून ते सुंदर करता येईल हे मला कळतं. पण ते त्यांच्या घरात नीट चाललेलं आहे. त्याला माझ्या हाताची आवश्यकता नाही. आजींना संध्याकाळी यायला सांगितलं. “येतो की, पण अंधार व्हायच्या आत घरी सोडायचं,” त्या म्हणाल्या, आणि करंज्यांचा डबा माझ्या हाती दिला. म्हणजे कार्यक्रम साडेपाचला सुरू करायला हवा. वाटेतूनच सगळ्यांना तसं कळवलं.

दुपारी १.००

मांडव्याच्या बोटीने आलेली मंडळी पोचली. वालाचं बिरडं, भात, सुकट. गाणाऱ्यांनी पोटभर जेवू नये हा नियम बिरड्यापुढे कुणी पाळला नाही.

दुपारी २.००

आता खरं काम. आठ जण, प्रत्येक आवाजाला दोघं. चौघं मुंबईच्या वृंदगायनात तयार झालेले. मुंबईत ही परंपरा जुनी आहे: देश स्वतंत्र होत होता त्या सुमारास व्हिक्टर परंज्योती यांनी शहरात मॅड्रिगल गाणाऱ्यांची संस्था उभी केली, १९५६ मध्ये परंज्योती अकादमी कोरस सुरू केलं, आणि १९६७ मध्ये ते गेल्यावर कूमी वाडिया यांनी ते वृंद कित्येक दशकं सांभाळलं, परदेशात नेलं. आज मुंबईत जो कुणी चार आवाजांत नीट गातो त्याच्या शिक्षणात ह्या दोघांचा कुठे ना कुठे हात निघतो. उरलेल्यांपैकी एक आल्टो वसईची, एक बास पेणचा शाळामास्तर, दोघं माझ्यासारखे ख्याल शिकलेले.

दोन्हींकडच्या अडचणी वेगळ्या. चर्चमध्ये किंवा ऑपेराच्या वळणावर तयार झालेल्या गळ्याला लांब सुरावर कंप येतो. तो आला की शुद्ध गंधार कुणाला सापडतच नाही. आमच्या ख्यालवाल्यांना एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेतल्याशिवाय चैन पडत नाही, आणि चार जणांत एकाने मींड घेतली की बाकीचे तिघे तेवढा वेळ अधांतरी. पण ख्यालवाल्याची खरी अडचण याहून खोल आहे, मी ती स्वतःच्या गळ्यात अनुभवली आहे. आपला षड्ज हलत नाही. मैफल सुरू होण्याआधी लागतो आणि संपल्यावरही तिथेच असतो. ह्या गाण्यांत पाया सतत सरकतो. ह्या क्षणी जो सूर मी गंधार म्हणून लावला, पुढच्या क्षणी बासने जागा बदलली की तोच माझा पंचम होतो, मग षड्ज. सूर तोच, पण त्याचं नातं बदललं, आणि नात्याप्रमाणे तो केसभर वर किंवा खाली करावा लागतो. म्हणून पहिला अर्धा तास तंबोऱ्यावर नुसते स्वरसंघात उभे करायचे, आणि गाणं सुरू झालं की तंबोरा बंद. ज्यांनी तो चालूच ठेवायचा आग्रह धरला त्यांना मी एकदा ऐकवून दाखवते. चौथ्या ओळीला तंबोरा आणि गाणं एकमेकांशी भांडायला लागतात.

‘गाउदेते’ आधी घेतलं. १५८२ मध्ये ग्राइफ्सवाल्ड इथे छापलेल्या ‘पिए कान्तिओनेस’ ह्या संग्रहातलं, तिकडच्या उत्तरेकडच्या शाळांतली मुलं गायची ते. लॅटिन, ठसकेदार, चटकन बसतं. १९७० च्या दशकात स्टीलाय स्पॅन ह्या इंग्रज गटाने ते वाद्यांशिवाय गाऊन लोकप्रिय केलं, त्यामुळे आमच्या तरुण टेनरला ते आधीपासून पाठ. त्याचा वेग मात्र त्या तबकडीचा. त्याला शब्दांच्या वेगावर आणायला वीस मिनिटं गेली.

मग ‘कॉव्हेंट्री कॅरल’, आणि इथे आम्ही तासभर अडकलो. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावी शिंपी आणि लोकरी कापड कातरणाऱ्यांची मंडळी नाताळच्या कथेचं नाट्य करीत. हेरोद राजाचे शिपाई बाळांना मारायला निघालेत, आणि बेथलेहेमच्या आया आपल्या तान्ह्यांना निजवताहेत. शब्दांची प्रत १५३४ ची, चाल १५९१ ची. मूळ हस्तलिखित १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयाला आग लागली त्यात जळालं. टॉमस शार्प नावाच्या गृहस्थाने आधी छापून ठेवलं होतं म्हणून गाणं उरलं. तीनच आवाज. सबंध गाणं कोमल गंधाराचं, आणि अगदी शेवटच्या सुराला शुद्ध गंधार. पण खरी जागा मधली आहे. अंगाईचा शब्द येतो तिथे वरच्या आवाजात शुद्ध निषाद आहे आणि खालच्या आवाजात कोमल, एकमेकांना खेटून. पहिल्यांदा गाणारा प्रत्येक जण थांबतो आणि म्हणतो, छपाईची चूक आहे.

चूक नाही. त्या काळच्या इंग्रज रचनांत असे खटके येतात, कारण प्रत्येक आवाज आपापल्या वाटेने खरा असतो: चढणारा निषाद शुद्ध घेतो, उतरणारा कोमल. पेणचे मास्तर पेटीवर नाट्यगीतं वाजवतात. त्यांना म्हटलं, देस आठवा. आरोहात शुद्ध, अवरोहात कोमल. एकच माणूस ते आळीपाळीने करतो, इथे दोन माणसं आपापल्या वाटेने जाताना ते एकमेकांवर आदळतं. मास्तरांचा चेहरा उजळला. तरीही गाताना दोघंही बिचकत होते, एकमेकांच्या जवळ सरकत होते आणि खटका बोथट करत होते. मी त्यांना पाठीला पाठ लावून उभं केलं. एकाने दुसऱ्याच्या आवाजाकडे झुकायचं नाही, दुरूनच ऐकायचं. पाचव्या-सहाव्या वेळेला तो खटका जसा हवा तसा लागला, धारदार, आणि आमची वसईची आल्टो, तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे, ती बाहेर जाऊन पाणी पिऊन आली. हा खटका गुळगुळीत करून गाणारी वृंदं मी ऐकली आहेत. मला ते पटत नाही. त्या आयांना जे माहीत आहे ते सगळं त्या दोन निषादांत आहे.

स्पॅनिश ‘रिउ रिउ चिउ’ ला काहीच कष्ट पडले नाहीत. व्हेनिसला १५५६ मध्ये छापलेल्या ज्या पुस्तकात ते आहे त्याची एकच प्रत ज्ञात आहे, ती स्वीडनमधल्या उप्सालाच्या ग्रंथालयात सापडली. कडवं एकाने म्हणायचं, ध्रुपद सगळ्यांनी. ज्याने आयुष्यात एकदा भजनात झांज धरली आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. कोईम्ब्राच्या पेद्रु द क्रिश्तूची एक पोर्तुगीज मठातली नाताळरचना बसवायची होती, ती आज राहू दिली. मध्ये दोन ठिकाणी अजून कच्ची आहे. कच्चं लोकांपुढे न्यायचं नाही.

सायंकाळी ५.३०

पडवी भरली. वाडीतले शेजारी, भजनी मंडळाचे बुवा, कोर्लईच्या आजी आणि त्यांची सून, शाळेतल्या दोन शिक्षिका. दिवा एकच, मध्ये.

गाण्यांच्या मध्ये आम्ही फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातल्या जन्मकथेच्या काही ओव्या घेतो. हा माझा आग्रह. टॉमस स्टीफन्स इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट. १५७९ मध्ये गोव्याला उतरला, आणि चाळीस वर्षं इथेच राहून इथेच मेला. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं त्याचं पुराण १६१६ मध्ये राशोल इथे छापलं गेलं, मराठी भाषा आणि रोमन लिपी. मॉर्ली आणि तो एकाच पिढीतले, एकाच देशातले. मॉर्ली लंडनला मॅड्रिगलची पुस्तकं काढत होता तेव्हा हा साष्टीत बसून ओवी घोटत होता. दोघांची कला एका संध्याकाळी एका पडवीत ऐकायला मिळावी यात मला काहीही ओढाताण दिसत नाही. ओव्या वसईची आल्टो म्हणते, साध्या चालीवर, घरी पोथी वाचावी तशा. बुवांनी पहिल्याच ओवीला मान डोलावली आणि तिसरीला ते हळूच चरणाच्या शेवटी तिला साथ द्यायला लागले.

‘कॉव्हेंट्री’ झाल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. आम्ही थेट पुढे गेलो.

शेवटी मॅड्रिगल, जॉन फार्मरचं ‘फेअर फिलिस’, १५९९. एक मेंढपाळीण एकटी बसलेली दिसते, तर तिथे एकच आवाज गातो. तिच्या कळपाचं नाव निघताच चारही आवाज आत शिरतात. तिचा प्रियकर तिला शोधत वर-खाली भटकतो, तर तीच ओळ एकामागून एक आवाजांत धावत सुटते. पुढे ती सापडते आणि काय होतं ते सांगायला नको. सगळे एकदम एका लयीत येतात. गाण्याआधी मी एवढी गोष्ट मराठीत सांगितली, आणि इंग्रजी शब्द न कळणारी माणसं बरोबर त्या त्या जागी हसली.

मग बुवांनी विचारलं, “ताई, एक सांगा. ह्यात मूळ गाणं कुणाचं? म्हणजे चाल कोण गातं आणि साथीला कोण?”

हा प्रश्न मला दरवेळी कुणीतरी विचारतं, आणि मला तो फार आवडतो, कारण नेमका हाच विचारायचा प्रश्न आहे. साथीला कुणीच नाही. चौघांची चाल आहे. बासला स्वतःचं गाणं आहे, ते एकटं म्हटलं तरी गाणंच वाटतं. मी बुवांना उठवून गाणाऱ्यांच्या मधोमध बसवलं आणि ‘फेअर फिलिस’ पुन्हा घेतलं. त्यांनी आधी सोप्रानोकडे कान केला, मग वळून टेनरकडे, मग बासकडे. संपल्यावर ते म्हणाले, “इथं बसलं की कळतंय. तिकडं खांबापाशी नुसतं गोड वाटत होतं.” मग त्यांनी आजींना हाताला धरून तिथे आणून बसवलं आणि आम्हाला तिसऱ्यांदा गायला लावलं. आजी डोळे मिटून बसल्या. संपल्यावर सुनेला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. सुनेने मराठीत सांगितलं: आजी म्हणतात, ती जाडी बाई मध्ये थांबली तेव्हा ह्या पोराने तिची ओळ बरोबर उचलली.

आमच्या टेनरला गेल्या कित्येक महिन्यांत मिळालेली ही सगळ्यात अचूक दाद. सोप्रानोही हसत होती.

सायंकाळी ७.००

आजींना ठरल्याप्रमाणे अंधार पडायच्या आत सोडता आलं नाही, पण गाडीने घरापर्यंत पोचवलं. येताना टेनर म्हणाला, पुढच्या वेळी रेवदंड्याच्या किल्ल्यात, पडक्या चर्चच्या भिंतींत गाऊ या, काय घुमेल! घुमेल खरंच. पण तिथे छप्पर नाही, समुद्राचा आवाज आहे, परवानग्या आहेत. आणि मुख्य म्हणजे तिथे लोक बघायला येतील. आमच्यात वाद झाला, मिटला नाही.

रात्री ८.३०

पोपटीचं मडकं पेटवून झालं होतं. काकांनी ते उकलून शेंगा परातीत ओतल्या, ओवा आणि भांबुर्डीचा वास सुटला. शेंगा सोलता सोलता मुंबईकर सकाळच्या बोटीचं ठरवत होते. पेद्रु द क्रिश्तूच्या कच्च्या जागांसाठी जानेवारीतला एक रविवार पक्का केला. मास्तरांना त्या दिवशी शाळेचं स्नेहसंमेलन आहे, म्हणजे बास एकच उरतो.

काकांचा नातू परातीपलीकडून म्हणाला, “तो खालचा आवाज मी म्हटला तर?” मास्तरांनी त्याला तिथल्या तिथे खर्ज लावायला सांगितला. लागला; डुगडुगता, पण लागला. बासच्या पदराचा सुटा कागद मी आतून आणून त्याला दिला. त्याला स्वरलिपी वाचता येत नाही, म्हणून मास्तर पेन्सिलने खाली सारेगम लिहायला बसले, आणि पहिल्याच ओळीत पाया सरकला तिथे ‘सा’ कुठला धरायचा यावर दोघांचं सुरू झालं.